ज्यू कोणास म्हणावे?



इस्रायल हे नाव उच्चारताच मराठी मध्यमवर्गीय मनापुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. १९६७ चे सहा दिवसांचे युद्ध, १९७६ मधील एंटेबीची सुटका, वाळवंटात फुललेली ठिबक सिंचनाची शेती, आणि पोथीत बंदिस्त झालेल्या हिब्रू भाषेला स्वयंपाकघरात आणून बसवणारा एलिझर बेन-येहुदा. ही चित्रे खोटी नाहीत. परंतु ती पाहून असा ग्रह होतो की हा समाज आतून एकजिनसी असला पाहिजे आणि आपण कोण, याविषयी त्याच्या मनात लवमात्र संदेह नसला पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. ज्या बेन-येहुदाचे आपण कौतुक करतो, त्यालाच जेरुसलेममधील कर्मठांनी बहिष्कृत केले होते. देवाची भाषा बाजारात आणली, हा त्याचा अपराध. पुढे राष्ट्र उभे राहिले आणि याच वादाने अधिक बिकट रूप घेतले. ज्यू कोणास म्हणावे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नावरून मंत्र्यांनी राजीनामे दिले, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश दुभंगले, आणि आपल्या कोकणातून गेलेल्या कुटुंबांना स्वतःच्याच पुण्यभूमीत धरणे धरून बसावे लागले.

१४ मे १९४८ हा शुक्रवार होता. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो आणि मग लेखणी हाती धरणेही निषिद्ध. म्हणून तेल अवीवमधील समारंभ दुपारी चार वाजता ठेवण्यात आला. घोषणापत्राच्या मसुद्यावरचा शेवटचा वाद मात्र अरबांविषयी नव्हता, ब्रिटिशांविषयी नव्हता. तो देवाविषयी होता. रब्बी मैमोन यांचा आग्रह असा की ज्यूंच्या राज्याच्या जन्मपत्रिकेत ईश्वराचे नाव असलेच पाहिजे. डाव्या पक्षाचे अहारोन झिसलिंग म्हणत की ज्या ईश्वरावर श्रद्धा नाही, त्याच्या नावाखाली सही करणार नाही. डेव्हिड बेन-गुरियन यांनी तोड काढली ती 'त्सुर इस्रायल' या शब्दांची. त्याचा अर्थ 'इस्रायलचा खडक'. श्रद्धावंतांनी त्यात परमेश्वर वाचावा, इतरांनी राष्ट्राचे सामर्थ्य वाचावे! दोघांनीही सह्या केल्या. राष्ट्राचा आरंभच अशा एका द्व्यर्थी शब्दाने झाला, आणि पुढील पाऊण शतक त्या द्व्यर्थाचीच किंमत कोणी ना कोणी मोजत आले आहे.

या तडजोडीला पूर्वेतिहास आहे. थिओडोर हर्झल याने १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राची कल्पना मांडली, तेव्हा धर्मगुरूंचा मान राखावा पण त्यांना त्यांच्या मंदिरांतच ठेवावे, जसे सैन्याला छावणीत ठेवतात, असे त्याचे मत होते. अहाद हाआम या विचारवंताला हर्झलची भूमिका पोकळ वाटे. नुसते राज्य मिळवून काय करायचे, त्यात ज्यू संस्कृतीचा प्राण नसेल तर ते आणखी एक लहानसे राज्य एवढेच होईल, असा त्याचा आक्षेप. आणि या दोघांच्याही पलीकडे कर्मठ पंथ होता. त्याच्या दृष्टीने मशीहा येण्यापूर्वी माणसाने राज्य स्थापणे हाच मुळी अधिक्षेप होता. जून १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती पॅलेस्टाईनमध्ये येत असता ज्यूंचे तोंड एका दिशेला असावे, म्हणून बेन-गुरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मठांच्या अगुदात इस्रायल या पक्षाला एक पत्र दिले. शनिवार हा सुटीचा दिवस राहील, सरकारी स्वयंपाकघरांत आहारनियम पाळले जातील, धर्मनिष्ठांच्या शाळांना स्वायत्तता राहील, आणि विवाहाच्या बाबतीत समाज दुभंगणार नाही अशी काळजी घेतली जाईल, अशी ही चार आश्वासने होती. आजही इस्रायलच्या राजकारणात 'जैसे थे' हा शब्द उच्चारला की तो या पत्राकडे बोट दाखवतो.

चारांपैकी चौथे आश्वासन सर्वांत जड ठरले.

कसे, ते पाहा. १९५० साली क्नेसेटने म्हणजे तेथील संसदेने परतीचा कायदा केला. जगातील प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे, असे त्याने जाहीर केले. मात्र ज्यू म्हणजे कोण, हे त्या कायद्यात लिहिलेच नव्हते. छळछावण्यांतून वाचलेल्या माणसाला दारात उभे करून वंशावळ विचारायची नाही, ही त्यामागची भावना होती आणि ती उदात्त होती. तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, दुसरा कायदा झाला. त्याने इस्रायलमधील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. तेथे 'हलाखा' म्हणजे परंपरागत धर्मशास्त्र चालते, आणि धर्मशास्त्राची व्याख्या स्पष्ट आहे. ज्यू मातेच्या पोटी जन्मला तो ज्यू, किंवा विधिपूर्वक धर्मात आला तो ज्यू. म्हणजे राष्ट्राच्या दाराची व्याख्या एक, आणि लग्नाच्या मांडवाची व्याख्या दुसरी. दारातून सन्मानाने आत घेतलेल्या माणसाला मांडवात अडवता येईल अशी ही रचना होती. नोंदणीकृत विवाहाची सोय तर तेथे आजही नाही.

या विसंगतीला पहिला धक्का १९५८ साली बसला. अंतर्गत व्यवहारमंत्री बार-येहुदा यांनी आदेश काढला की जो प्रामाणिकपणे स्वतःला ज्यू म्हणवतो आणि अन्य धर्माचा नाही, त्याची नोंद ज्यू म्हणून करावी. धार्मिक पक्षाचे मंत्री सरकारातून बाहेर पडले. तेव्हा बेन-गुरियन यांनी एक अपूर्व गोष्ट केली. देशोदेशींच्या सुमारे पन्नास ज्यू विद्वानांना पत्र पाठवून त्यांनी विचारले की मिश्र विवाहातील मुलांची नोंद कशी करावी? एखाद्या पंतप्रधानाने आपले राष्ट्र कोणाचे, हा प्रश्न पत्राने विचारावा, याला दुसरे उदाहरण सापडणे कठीण. उत्तरे आली. बहुसंख्य परंपरेच्या बाजूने होती. आदेश मागे पडला.

आणि मग न्यायालयापुढे असा एक माणूस उभा राहिला की त्याच्यापुढे दोन्ही व्याख्या गांगरून गेल्या. त्याचे नाव ओस्वाल्ड रुफायसेन. पोलंडमधील ज्यू आईबापांचा हा मुलगा महायुद्धात आपली ओळख लपवून मीर या गावी जर्मन पोलिसांचा दुभाषा झाला. ज्यू वस्तीवर हल्ला होणार ही बातमी त्याने आधीच फोडली, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये शेकडो ज्यू जंगलात निसटू शकले. पुढे पकडला गेला, पळाला, एका ख्रिस्ती मठात लपला आणि तेथेच ख्रिस्ती झाला. युद्धानंतर तो संन्यासी बनला, ब्रदर डॅनियल. १९५९ मध्ये तो इस्रायलला आला आणि म्हणाला की माझा धर्म कॅथलिक आहे, पण माझे राष्ट्रीयत्व ज्यू आहे; मला परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व द्या.

धर्मशास्त्र काय म्हणते? ज्यू आईच्या पोटी जन्मलेला मनुष्य पाप करूनही ज्यूच राहतो. म्हणजे कर्मठांच्या पोथीप्रमाणे हा ख्रिस्ती संन्यासी ज्यू होता! निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती सिलबर्ग स्वतः धर्मनिष्ठ होते. त्यांनी ते मान्यही केले. पण परतीचा कायदा हा संसदेचा कायदा आहे, त्यातील शब्दाचा अर्थ सामान्य ज्यू माणूस जो घेतो तोच घेतला पाहिजे, आणि रस्त्यावरचा कोणताही ज्यू एका कॅथलिक साधूला ज्यू म्हणणार नाही, असे त्यांनी ठरवले. डिसेंबर १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला गेला. सर्वसामान्य नियमांनी त्याला पुढे नागरिकत्व मिळाले आणि १९९८ मध्ये हैफा येथे त्याचा अंत झाला. इतिहासाच्या सामुदायिक स्मृतीने येथे धर्मशास्त्रालाही बाजूला सारले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हजारो वर्षे सक्तीच्या धर्मांतराला तोंड दिलेला समाज स्वेच्छेच्या धर्मांतराकडेही निर्विकारपणे पाहू शकत नाही.

न्यायालय या साधूचा खटला तोलत होते, त्याच सुमारास मांडवाच्या व्याख्येची झळ मराठी बोलणाऱ्या ज्यूंना लागत होती.

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्रायल हे आपल्याला परके नाहीत. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावेच गावांची साक्ष देतात. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून ही जमात वाढली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलघाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पोथ्या हरवल्या होत्या, भाषा विसरली होती, पण सुंता राहिली, शनिवार राहिला, 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना राहिली. खवले आणि पर असलेली मासळी तेवढी खायची, हा नियम तर त्यांच्या स्त्रियांनी चुलीपाशी जपला. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने त्यांना ओळखले ते स्त्रियांनी मासळी निवडताना ही प्रथा पाळली म्हणून, अशी आख्यायिका आहे. समाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतील अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. मस्जिद स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगतात. हरदासी कीर्तनाच्या चालीवर बायबलमधील आख्याने मराठीत गाणारा हा समाज. त्याला येथे ज्यू म्हणून कोणी कधी छळले नाही. १९४८ च्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. भयाने नव्हे, तर श्रद्धेने आणि पुढच्या पिढीच्या ओढीने त्यांतील बहुतेक जण इस्रायलला गेले.

तेथे वाट्याला काय आले? दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा नव्या, ओबडधोबड गावांत घरे मिळाली. सावळ्या रंगावरून बोलणी ऐकावी लागली. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी तर तेल अवीवला धरणे धरून आपल्याला परत मुंबईला पाठवण्याची मागणी केली, आणि त्यांतील कित्येक परतलीही. तथापि खरा घाव बसला तो लग्नाच्या कचेरीत. मुलगी लग्नाची झाली, स्थळ पसंत पडले, नोंद करायला गेले की रब्बी विचारीत, तुमच्या आईची आई कोण, तिचे लग्न कोणी लावले?

रब्बींची बाजूही समजून घेतली पाहिजे. ती केवळ द्वेषाची नव्हती. शास्त्राप्रमाणे स्त्रीला विधिपूर्वक 'गेट' म्हणजे सोडपत्र मिळाल्याशिवाय तिचा दुसरा विवाह ग्राह्य नाही, आणि तशा विवाहाची संतती इतर ज्यूंशी विवाहास कायमची अपात्र ठरते. पिढ्यान्‌पिढ्या. ज्या जमातीचा रब्बींशी शतकानुशतके संपर्कच नव्हता, तिच्यात झालेली सोडपत्रे शास्त्रशुद्ध असतील कशावरून, ही त्यांची शंका. तर्क बिनचूक होता. पण तो कोणावर चालवला जात आहे? ज्यांनी पोथीवाचून केवळ आचारावर धर्म टिकवला त्यांच्यावर! पुरावा मागायचा तो नवगावच्या स्मशानातील नावे नसलेल्या थडग्यांकडून काय?

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने निर्णय दिला की बेने इस्रायलांशी विवाह करण्यास सर्वसाधारणतः प्रत्यवाय नाही. समाजाने सुटकेचा निःश्वास टाकला. तो चारच महिने टिकला. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या सूचना निघाल्या. वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करावी, असे त्यात म्हटले होते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. निसिम हे जन्माने बगदादचे, आणि मुंबईतील बगदादी ज्यूही पूर्वीपासून बेने इस्रायलांना बरोबरीचे मानीत नव्हते. योगायोग असेल, परंतु दुखावलेल्या मनाला तो योगायोग वाटला नाही.

या साध्या, सोशिक, मवाळ माणसांनी मग जे केले त्याची कल्पना त्यांच्या गावच्या शेजाऱ्यांनाही आली नसती. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल बायकामुलांसह जेरुसलेमला आले आणि ठाण मांडून बसले. दिवसांमागून दिवस गेले. त्यांची मागणी एवढीच होती की आमच्या जमातीचे नाव घेऊन काढलेला हुकूम मागे घ्या. शेवटी सुटीवर गेलेल्या क्नेसेटचे १७ ऑगस्ट रोजी खास अधिवेशन भरले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांच्यात आणि इतर ज्यूंत कोणताही भेद नाही. महिनाअखेर रब्बी मंडळाने सूचनांतून 'बेने इस्रायल' हे शब्द काढले आणि त्या जागी, ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे घातले.

नाव गेले, अधिकार राहिला. हा बारकावा दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. कोकणातील मुलींची सुटका झाली, परंतु ज्या हत्याराने त्यांना जखम झाली ते म्यान झाले नाही. पुढच्या येणाऱ्यांसाठी ते तयारच होते. इथिओपियाच्या ज्यूंना रब्बी ओवादिया योसेफ यांनी १९७३ मध्ये ज्यू म्हणून मान्यता दिली, १९८४-८५ मध्ये विमानांनी त्यांना सुदानमार्गे आणले गेले, आणि तेथे पोहोचताच रब्बी मंडळाने शुद्धीचे स्नान करण्यास सांगितले. ज्यांनी ज्यू म्हणून वाळवंटात मुले पुरली, त्यांना ज्यू होण्याचा विधी! १९८५ मध्ये तेही बेने इस्रायलांप्रमाणेच जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले.

दरम्यान कायद्यात व्याख्या आली होती. बिन्यामिन शालित हा नौदलातील अधिकारी, त्याची पत्नी स्कॉटलंडची, ज्यू नसलेली, दोघेही नास्तिक. मुलांची राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ज्यू म्हणून नोंद व्हावी, हा त्याचा अर्ज. न्यायालयाने सरकारला सुचवले की तो रकानाच काढून टाका. सरकारने नकार दिला. जानेवारी १९७० मध्ये नऊ न्यायाधीशांनी पाच विरुद्ध चार असा शालितच्या बाजूने निकाल दिला. दोनच महिन्यांत क्नेसेटने कायदा बदलला. ज्यू म्हणजे ज्यू मातेच्या पोटी जन्मलेला किंवा ज्यू धर्मात आलेला, आणि अन्य धर्माचा नसलेला. त्याचबरोबर ज्यूंची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांनाही परतीचा हक्क दिला. नाझींनी आजे-आजी मोजून छळले. तेव्हा ज्याला ज्यू म्हणून मरण आले असते त्याला येथे आसरा असावा, असे याचे समर्थन केले जाते. दार आणखी रुंद झाले, मांडव मात्र होता तेवढाच.

१९८९ नंतर कोसळत्या सोव्हिएत संघातून सुमारे दहा लाख लोक आले. त्यांतील काही लाख वडिलांकडून किंवा आजोबांकडून ज्यू. ते हिब्रू शिकले, कर भरू लागले, सैन्यात गेले. १९९३ मध्ये मारल्या गेलेल्या अशा एका तरुण सैनिकाचे दफन लष्करी स्मशानभूमीच्या अगदी कडेला, कुंपणालगत करण्यात आले, कारण त्याची आई ज्यू नव्हती. देशभर संताप उसळला तेव्हा ती कबर हलवली गेली.

कर्मठांना केवळ अडवणूक करणारे ठरवले की विषय सोपा होतो, पण अपुराही. ऑक्टोबर १९५२ मध्ये बेन-गुरियन स्वतः ब्नेई ब्राक येथे रब्बी कारेलित्झ यांच्या साध्या घरी गेले. बरोबर यित्झाक नावोन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आपण एकत्र कसे राहायचे, हा त्यांचा प्रश्न. रब्बींनी तालमूदमधील दाखला दिला. अरुंद वाटेवर दोन उंट समोरासमोर आले, एक लादलेला आणि एक रिकामा, तर रिकाम्याने बाजूला व्हावे. शास्त्राचे ओझे आम्ही वाहत आहोत, हा अर्थ. सीमेवर पहारा देणे, ओसाड भूमी वसवणे हे ओझे नाही काय, असे बेन-गुरियन यांनी विचारले. देश नसताना ज्या शास्त्राने दोन सहस्रके समाज धरून ठेवला त्याचा अधिकार रब्बी सांगत होते, आणि ज्या हातांनी देश मिळवला त्यांचा बेन-गुरियन. दोघेही खरे बोलत होते. १९४८ साली सुमारे चारशे येशिवा विद्यार्थ्यांना सैन्यातून सूट होती. २०२४ मध्ये ती संख्या साठ हजारांच्या पुढे गेलेली होती. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर घराघरांतून राखीव सैनिक पुन्हा पुन्हा बोलावले जात असताना, २५ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की या सुटीला कायद्याचा आधार उरलेला नाही. ओझे कोणाचे, हा ब्नेई ब्राकच्या खोलीतील प्रश्न रस्त्यावर आला.

विवाहाच्या बाबतीत तडजोड चालू आहे ती मागच्या दाराने. परदेशी झालेला विवाह सरकारदप्तरी नोंदवला पाहिजे, असे न्यायालयाने साठच्या दशकातच ठरवले. त्यामुळे ज्यांना रब्बी लावून देत नाहीत, किंवा ज्यांना रब्बी नकोत, अशी जोडपी विमानाने तासाभरावरच्या सायप्रसला जातात, तेथील नगरपालिकेत सही करतात आणि परत येतात. महामारीत विमाने बंद झाली. तेव्हा अमेरिकेतील यूटा राज्यातील एका कचेरीने संगणकाच्या पडद्यावरून विवाह लावण्याची सोय केली होती. इस्रायली जोडप्यांनी तीही शोधून काढली. अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे विवाहही नोंदवण्याचा आदेश दिला. वधू-वर तेल अवीवच्या घरात बसलेले, अधिकारी अमेरिकेत, आणि नोंद जेरुसलेमच्या दप्तरात.